लंगडणारं घड्याळ आणि अकरा थीम

«ताई, नमस्कार.

आठ महिन्यांपूर्वी मी स्वतःचा ब्लॉग सुरू केला. मला जुनी घड्याळं दुरुस्त करायचा छंद आहे. त्याबद्दल लिहितो, शिवाय अधूनमधून कविता, वाचलेलं एखादं पुस्तक, कधी असंच मनात आलेलं काही. आतापर्यंत १९ नोंदी झाल्या. थीम, म्हणजे ब्लॉगचा सगळा पेहराव, मात्र ११ वेळा बदलून झाली. दर वेळी वाटतं, आता झकास दिसतंय. चार दिवसांनी दुसऱ्या कुणाचा ब्लॉग बघितला की आपला अगदीच गचाळ वाटायला लागतो. रोज रात्री आकडे बघतो. सात-आठ जण येतात, त्यातला एक मीच असतो. बायको म्हणते, लिहितोस कमी आणि रंगरंगोटीच जास्त करतोस. ब्लॉग देखणा आणि वाचावासा वाटणारा व्हायला नेमकं काय लागतं? निदान कोणती थीम घेऊ तेवढं सांगितलंत तरी चालेल. दुवा सोबत देतोय. भीड न ठेवता सांगा.

— अकरावी थीम»

अकरावी थीम यांना,

बायकोचं बरोबर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे थीमचं नाव शोधत तुम्ही माझं उत्तर वरवर चाळणार नाही. थीमचं नाव यात कुठेही नाही.

तुमच्या १९ही नोंदी मी वाचल्या. एका संध्याकाळी लॅपटॉपवर, दुसऱ्या दिवशी फोनवर. फोनवर मुद्दाम, कारण तुम्ही सगळी सजावट लॅपटॉपसमोर बसून केलेली आहे हे दिसतं. तिथे ती बरी दिसते. फोनवर काय होतं ते सांगते. भिंतीवरच्या घड्याळाची तुमची नोंद मी उघडली. आधी अर्धा पडदा व्यापणारं दौत-पिसाचं चित्र आलं. त्याखाली ब्लॉगचं नाव, मग सात शब्दांचा मेनू, तो दोन ओळींत मोडलेला. मग तारीख, शेअर करायची पाच बटणं आणि त्यानंतर कुठे नोंदीचं शीर्षक. त्याखाली सूर्यास्ताचा फोटो. (सूर्यास्ताचा का, हे मला अजून कळलेलं नाही.) मग तुमचा पहिला परिच्छेद: ‘नमस्कार मित्रहो, बऱ्याच दिवसांनी आज लिहायला वेळ मिळतोय, कामाच्या धबडग्यात...’ घड्याळ हा शब्द यायच्या आधी माझ्या अंगठ्याने चार वेळा पडदा वर सरकवला. मला तुम्हाला उत्तर द्यायचं होतं म्हणून मी सरकवत राहिले. दुसरा कुणी पहिल्या किंवा दुसऱ्या वेळीच परत फिरला असता.

तुम्ही अकराही वेळा मुखपृष्ठ सजवलंत, आणि मुखपृष्ठावर जवळजवळ कुणीच येत नाही. माणूस काहीतरी शोधत असतो, किंवा कुणीतरी त्याला एखाद्या नोंदीचा दुवा पाठवतो, आणि तो थेट त्या एका नोंदीवर येऊन पडतो. तुमचं नाव, तुमचा मेनू, तुमच्या इतर १८ नोंदी, यातलं काहीच त्याला माहीत नसतं. त्याच्या लेखी ते एक पान म्हणजेच तुमचा ब्लॉग. तेव्हा तेवढं एक पान आधी धड करा. आज रात्री आकडे बघायच्या ऐवजी फोनवर खासगी विंडो उघडा, म्हणजे तुमचं लॉगिन आड येणार नाही, आणि एखाद्या जुन्या नोंदीवर थेट जा. शीर्षक आणि मजकुराची पहिली दोन वाक्यं न सरकवता दिसली पाहिजेत. दिसत नसतील तर मध्ये जे जे आहे ते काढा. दौत आणि पीस आधी. बटणं लेखाच्या तळाशी गेली तरी बिघडत नाही. लेख आवडायच्या आधी कुणी तो दुसऱ्याला पाठवत नसतो.

आता त्या नोंदीबद्दल, कारण तुमची सगळी गोष्ट तिथेच आहे.

तिचं शीर्षक तुम्ही दिलंय ‘आठवणींच्या हिंदोळ्यावर’. पहिला परिच्छेद वेळ न मिळण्याचा. दुसरा, काळ किती वेगाने बदलतोय याचा. तिसरा, पूर्वी वस्तू किती टिकाऊ असत याचा. चौथ्यात तुम्ही एकदम सांगता की आजोबांचं लंबकाचं घड्याळ तुम्ही दुसऱ्या भिंतीवर हलवलंत, चावी दिलीत, लंबकाला झोका दिलात आणि दहा मिनिटांत ते थांबलं. पुन्हा दिलात, पुन्हा थांबलं. तेल घालून झालं, चावी पुन्हा देऊन झाली. शेवटी तुम्ही खुर्ची ओढून नुसतं ऐकत बसलात, आणि तुमच्या लक्षात आलं की टिक आणि टक यांच्यामधलं अंतर सारखं नाही. तुम्ही लिहिलंय: ‘घड्याळ लंगडत होतं.’ मग तुम्ही घड्याळाचा खालचा भाग बोटाने अगदी किंचित डावीकडे ढकललात आणि ऐकलंत, अजून थोडा ढकललात आणि ऐकलंत. दोन्ही आवाज समान अंतरावर आले तिथे थांबलात, आणि मागे कागदाची घडी लावून ते तसंच धरून ठेवलंत.

हे वाचताना मी फोन डोळ्यांच्या जवळ नेला. दुरुस्ती कानाने होते हे मला ठाऊकच नव्हतं. ‘लंगडत होतं’ हे दोन शब्द लिहिणाऱ्या माणसाला लिहिता येतं की नाही, असा प्रश्न मला पडत नाही. प्रश्न एवढाच की तेच शब्द त्याने सूर्यास्ताच्या, नमस्काराच्या आणि काळाच्या महिम्याच्या खाली का पुरून ठेवले?

तर पहिले तीन परिच्छेद काढून टाका. त्यांची डागडुजी करत बसू नका, सरळ काढा. नोंद ‘घड्याळ दुसऱ्या भिंतीवर लावलं आणि दहा मिनिटांत थांबलं’ इथून सुरू होऊ दे. टिकाऊ वस्तूंबद्दल जे वाटतं ते वाचकाला त्या कागदाच्या घडीतून आपोआप कळतं, आणि नाही कळलं तरी त्याचं काही अडत नाही. शीर्षक ठेवा ‘लंबकाचं घड्याळ दहा मिनिटांत का थांबतं?’ ज्याच्या भिंतीवर तसंच थांबलेलं घड्याळ आहे तो नेमके हेच शब्द शोधत असतो. ‘आठवणींच्या हिंदोळ्यावर’ असं कुणीही कधीही शोधत नाही, आणि योगायोगाने समोर आलं तरी त्यातून घड्याळ बाहेर येईल असं त्याला वाटत नाही.

शीर्षकांचा हा आजार तुमच्या एकट्याचा नाही, मराठीत त्याची साथच आहे. ‘मनातलं काही’, ‘असंच सुचलेलं’, ‘क्षण’, ‘वळणावर’, ‘थोडंसं माझ्याविषयी’. तुमच्या १९ शीर्षकांपैकी १२ अशी आहेत की एकमेकांत अदलाबदल केली तरी कुणाला पत्ता लागणार नाही. हीच परीक्षा लावा: शीर्षक उचलून दुसऱ्या नोंदीवर ठेवायचं. तिथेही चाललं तर ते शीर्षक नाही. ललित शीर्षक द्यायला माझी हरकत नाही, पण नोंदीतलं एखादं खरं नाम त्यात असू दे. ‘कागदाची घडी’ हेसुद्धा चाललं असतं.

दिसण्याबद्दल तुम्ही विचारलंय, आणि ते मी टाळणार नाही. फक्त दिसणं म्हणजे तुम्ही समजता ते नव्हे. ब्लॉगचं नव्वद टक्के दिसणं म्हणजे अक्षर. तुमच्या पानावर फिकट करड्या रंगात बारीक अक्षरं आहेत, ओळी एकमेकींना चिकटलेल्या आणि दोन्ही बाजूंनी ताणून सरळ केलेल्या. शीर्षकात तर शिरोरेषा तुटलेली आहे. ‘आठवणींच्या’ हा शब्द सुटे सुटे तुकडे ओळीने मांडून ठेवल्यासारखा दिसतो. याचं कारण तुम्हाला कुणी सांगितलेलं नसणार, म्हणून जरा खोलात जाते.

बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. रोमन शीर्षकात अक्षरांमध्ये थोडी जागा सोडली की रुबाबदार दिसतं, म्हणून थीम करणारा ती सोडून मोकळा होतो. देवनागरीत तीच जागा शिरोरेषा मधोमध कापते. थीमच्या सेटिंगमध्ये अक्षरांमधलं अंतर असतं, ते शून्य करा. शब्द पुन्हा एका रेषेला लटकतील. दुसरं, ओळींमधलं अंतर. रोमन अक्षराच्या वर-खाली फारसं काही नसतं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचं शेपूट. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार यांची टक्कर झाली की डोळा अडखळतो, आणि का अडखळला हे वाचकाला कळतही नाही. सर्वांना वाचता यावं म्हणून वेबसाठी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यातल्या सर्वांत काटेकोर पातळीवर परिच्छेदातल्या ओळींसाठी किमान दीडपट अंतर सांगितलंय. मराठीसाठी मी १.७ ठेवते. अक्षराचा आकार ब्राउझरमध्ये मुळात १६ पिक्सेल असतो. देवनागरीला तो तोकडा पडतो, १८ ते २० करून बघा. तुमच्या वयाचे वाचक आशीर्वाद देतील.

करड्या रंगाचं तर मला काही झेपतच नाही. कुठल्या तरी काळात फिकट अक्षर म्हणजे सुसंस्कृत असं ठरलं आणि सगळे त्याच्या मागे लागले. त्याच मार्गदर्शक तत्त्वांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या उठावासाठी, म्हणजे कॉन्ट्रास्टसाठी, किमान ४.५ : १ हे प्रमाण दिलेलं आहे. पांढऱ्यावर तुमची करडी छटा तीनच्याही खाली भरते. ती मोजायची साधनं फुकट मिळतात, पण मोजायचीही गरज नाही. फोन घेऊन भर उन्हात जा आणि स्वतःचीच नोंद वाचून दाखवा.

दोन्ही बाजू सरळ करायचा मोहही सोडा. छापील पुस्तकात ओळ लांब असते, आणि गरज पडेल तिथे शब्द तोडून पुढे नेतात. फोनच्या अरुंद ओळीत ‘दुरुस्तीवाल्यांकडूनसुद्धा’ असा एक शब्द आला की तो पुढच्या ओळीवर जातो आणि मागे उरलेल्या दोन शब्दांमध्ये खिंडार पडतं. डावी बाजू सरळ, उजवी मोकळी, एवढं पुरे. लॅपटॉपवर मात्र उलटा त्रास: तुमची ओळ पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळते, आणि परत येताना पुढची ओळ कोणती ते सापडत नाही. साधारण ६५-७० अक्षरांवर ओळ संपली पाहिजे. मजकुराच्या रकान्याला रुंदीची मर्यादा घातली की झालं.

फॉन्ट कोणता? हा प्रश्न तुम्ही विचारणार हे मला ठाऊक आहे, आणि हा नवा खेळ तुमच्या हाती द्यायला मी जराशी घाबरते. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यातला कुठलाही एक घ्या. दोन्ही फुकट आहेत, दोन्ही साधे आणि वाचनीय आहेत. एक घ्या आणि वर्षभर हात लावू नका. एक गंमत मात्र जरूर करून बघा. पानाच्या सेटिंगमध्ये भाषा इंग्रजी राहिलेली असते, ती मराठी करा. काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात. पानाची भाषा मराठी आहे हे ब्राउझरला कळलं की ती वळणं आपोआप येतात. नाहीतर हिंदी वळणाचा ल आणि श दिसत राहतो. चूक म्हणता येणार नाही, पण शाळेत गिरवलेला ल दिसला की घरी आल्यासारखं वाटतं. शिवाय डोळ्यांनी न वाचणाऱ्यांसाठी पान बोलून दाखवणारी जी साधनं असतात, त्यांनाही कोणत्या भाषेचा आवाज लावायचा ते त्यावरूनच कळतं.

अक्षराचा विषय निघालाच आहे तर: तुमच्या दोन कविता चित्राच्या स्वरूपात आहेत, गुलाबी ढगांवर लिहिलेल्या. चित्रातला मजकूर मोठा केला की अस्पष्ट होतो, त्यातली ओळ सहज उचलून कुणाला पाठवता येत नाही, आणि शोधणाऱ्याला तो सापडेल याचा भरवसा नाही. कविता अक्षरात लिहा. ढगांची गरज असलेली कविता मुळातच पुन्हा तपासावी. हे जरा लागेल, पण तुम्हीच भीड नको म्हणालात.

मी तुमच्यावर हसते आहे असं समजू नका. माझा पहिला ब्लॉग उघडला की झऱ्याचा खळखळाट आपोआप वाजायचा आणि वरून पानं गळत खाली यायची. मला ते फार तरल वाटायचं. वर्षभराने एका वाचकाने कळवलं की तो माझा ब्लॉग कामाच्या ठिकाणी उघडतो आणि दर वेळी आजूबाजूचे चार जण मान वर करून बघतात, म्हणून हल्ली उघडत नाही. बिचाऱ्याने वर्षभर धीर धरला होता. खळखळाट मी त्याच रात्री बंद केला. पानं गळायची थांबवायला मात्र आणखी सहा महिने गेले, इतका माझा जीव होता त्यांच्यावर.

फोटोंचं थोडक्यात. तुमचे घड्याळाचे फोटो चांगले आहेत, विशेषतः चाकांचे जवळून घेतलेले. पण फोनमधून निघाले तसेच चढवले आहेत, चार-चार हजार पिक्सेल रुंद, प्रत्येकी चार-पाच एमबीचे. एका नोंदीत १४ फोटो म्हणजे वाचकाला साठ एमबी उतरवून घ्यावे लागतात, आणि रकाना तर जेमतेम सातशे पिक्सेलचा. १६०० पिक्सेलपर्यंत लहान करून चढवा, दोन-तीनशे केबीत काम होतं. पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला तर पान चपळ, असं गूगलचं माप आहे. तुमचं पान उघडेपर्यंत माझा चहा ओतून झाला. १४ पैकी ९ फोटो एकसारखेच आहेत, ते गाळा. उरलेल्यांना दोन ओळींचं वर्णन द्या, चित्र न दिसणाऱ्यांसाठी असतं ते. ‘फोटो १’ हे वर्णन नव्हे. सूर्यास्ताचं काय करायचं ते आता सांगायला नको.

‘माझ्याविषयी’ या पानावर तुम्ही लिहिलंय: ‘मी एक सामान्य माणूस, शब्दांच्या वाटेवरचा प्रवासी.’ यातून तुम्ही कोण ते मला कळलं नाही. ज्याने घड्याळाची नोंद वाचली आणि ज्याला ती आवडली, तो ‘कोण आहे हा माणूस?’ असं म्हणत या पानावर येतो. त्याला सांगा की तुम्ही कधीपासून घड्याळं उघडताय, पहिलं कोणतं उघडलंत आणि ते परत जोडता आलं का. (पहिलं कुणालाच येत नाही, असं ऐकून आहे.) तुम्ही पोटासाठी काय करता तेही चालेल. पत्ता आणि फोन नंबर देऊ नका. ब्लॉगसाठी वेगळा ईमेल काढा आणि तो तिथे ठेवा. त्याच पानावर तुमच्या सर्वांत चांगल्या चार-पाच नोंदींचे दुवे द्या, ‘इथून सुरुवात करा’ म्हणून. ब्लॉगची मांडणी रोजनिशीसारखी, नवं वर आणि जुनं खाली. त्यामुळे आठ महिन्यांपूर्वीची उत्तम नोंद कालच्या फुटकळ नोंदीच्या खाली गाडली जाते. ती उपसून काढणं वाचकाचं काम नाही. बाजूचा तो शब्दांचा ढग, कॅलेंडर, ‘आपण इतकेवे पाहुणे’ हा आकडा, हे सगळं काढून टाकलंत तर कुणी विचारायलाही येणार नाही.

आता कविता, पुस्तकं आणि घड्याळं एकत्र असावीत का? लोक सांगतात, एकच विषय धरा. व्यापारासाठी ब्लॉग असेल तर ठीक आहे. वैयक्तिक ब्लॉगची मजाच ही की घड्याळासाठी आलेला माणूस तुमच्यासाठी थांबतो आणि मग पुस्तकाबद्दलही वाचतो. पण तो थांबायचा तर दोन्हीकडे माणूस एकच असायला हवा. तुमच्याकडे गोची आहे ती इथे. घड्याळांवर लिहिताना तुम्ही ऐकता, मोजता, चुकता. पुस्तकांवर लिहिताना एकदम सभेत उभे राहता: ‘सदर पुस्तक वाचकास अंतर्मुख करून सोडते.’ कुणाला सोडते? तुम्हाला सोडलं का? कोणत्या पानावर? घड्याळ उघडता तसं पुस्तक उघडा. एखादंच चाक बाहेर काढून दाखवा, सगळं यंत्र मांडायची गरज नाही.

विभाग तीनच ठेवा. तुमच्याकडे १९ नोंदींना २३ विभाग आहेत. मी मोजले.

तांत्रिक दोन गोष्टी सांगते, कारण त्या वेळेत केल्या नाहीत तर पुढे पस्तावायला होतं. पहिली, नोंदीचा पत्ता, म्हणजे ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसतो तो. तुम्ही शीर्षक बदललंत की पत्ताही बदलता, असं मला दिसलं. तुमच्या तिसऱ्या नोंदीतून पहिलीकडे जाणारा दुवा मेलेला आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नसतात. शीर्षक हवं तितकं सुधारा, पत्ता आहे तोच राहू दे. दुसरी, स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबवरचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घ्या आणि सगळ्या मजकुराची प्रत काढून स्वतःजवळ ठेवा, महिन्यातून एकदा. बहुतेक ठिकाणी त्यासाठी एक्सपोर्टचं बटण असतं. फुकट वेबपानं मांडू देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं तेव्हा लोकांनी वर्षानुवर्षं मांडलेली असंख्य घरगुती पानं नाहीशी झाली, आणि जी वाचली ती कुणीतरी धावपळ करून प्रती काढल्या म्हणून. स्वतःचं डोमेन असलं की बिऱ्हाड हलवलं तरी पाटी तीच राहते.

आणि आरएसएस, म्हणजे नवी नोंद आली की वाचकाकडे आपोआप पोचवणारी ब्लॉगची सोय, चालू आहे का बघा. तुमच्या आठव्या थीमच्या सुमाराला ते बंद झालेलं दिसतंय. २०१३ मध्ये आरएसएस वाचायचं साधन गूगल रीडर बंद पडल्यावर लोकांना वाटलं, आरएसएस संपलं. ते संपलेलं नाही. तुमच्यासारख्या दोन आठवड्यांतून एकदा लिहिणाऱ्या माणसाकडे रोज आठवणीने कुणी बघायला येत नाही. आरएसएस घेतलेल्याला मात्र तुमची नोंद आली की आपोआप कळतं. असे बारा वाचक मिळाले तर ते रोजच्या सात-आठांपेक्षा कितीतरी मोलाचे, कारण त्यात तुम्ही नसाल. एक मात्र करा, संपूर्ण नोंद आरएसएसमध्ये जाऊ द्या. पहिल्या दोन ओळी देऊन ‘पुढे वाचा’ म्हणणारे मला दारातच बोलत उभे करणाऱ्यांसारखे वाटतात.

किती वेळा लिहावं, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण तीन नोंदींमध्ये ‘आता नियमित लिहीन’ असं वचन दिलंय आणि तिन्ही वेळा मोडलंय. वचन देऊ नका आणि माफीही मागू नका. तुम्ही गायब होतात हे नव्या वाचकाला ठाऊकच नसतं, तुम्हीच त्याला सांगता.

आकड्यांचं काय करायचं? महिन्यातून एकदा बघा, तेही कोणत्या शब्दांनी लोक आले एवढंच. तुमचे सात-आठ म्हणजे, तुम्हाला वगळून, सहा-सात माणसं. एका खोलीत तेवढे जण बसवून तुम्ही घड्याळ ऐकवलं असतंत तर संध्याकाळ छान गेली असती ना? मग तसंच लिहा, त्या खोलीत बोलल्यासारखं. नोंद टाकायच्या आधी ती बायकोला मोठ्याने वाचून दाखवा. जिथे तिचं लक्ष उडेल तिथे खूण करा. थीमचं पान उघडण्यापेक्षा त्यात वेळ कमी जातो, आणि तुमच्या घरातली संपादक चोख आहे हे तिच्या एका वाक्यावरून मला कळलंच आहे.

बारावी थीम घ्यावीशी वाटली तर घ्या, मी कोण अडवणारी? अट एकच. विसावी, एकविसावी आणि बाविसावी नोंद आधी.

आणि हो, घड्याळाच्या नोंदीत एक गोष्ट राहिली आहे. कागदाची घडी लावून तुम्ही निघून गेलात, पुढचं काही सांगितलंच नाही. ते आता वेळ बरोबर दाखवतं का, की मागे पडतं? मागे पडत असेल तर लंबकाखालचा स्क्रू फिरवून लंबक जरासा वर घ्यायचा, म्हणजे घड्याळ जलद चालतं, एवढं मी परवा दुसरीकडे वाचून आले, कारण तुमच्याकडे ते नव्हतं. किती आटे फिरवले की दिवसाला किती मिनिटांचा फरक पडतो, ते मला कुठेच मिळालं नाही. तुम्ही मोजलंय का?